दुसऱ्या स्क्रीनवर काय उघडावे, हे आधीच ठरवता येते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्यामुळे शाळा, दवाखाने, पतसंस्था, दुकाने अशा ठिकाणी जुने संगणक जाऊन विंडोज ११ असलेले संगणक येत आहेत. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी एका संगणकाला दोन मॉनिटर असतात. एक काम करणाऱ्याच्या बाजूला आणि दुसरा समोर उभ्या असलेल्या माणसाकडे तोंड करून. वर्गात दुसऱ्या मॉनिटरची जागा प्रोजेक्टर किंवा भिंतीवरचा टीव्ही घेतो. यंत्रे नवी असली तरी तक्रार मात्र जुनीच आहे. प्रोग्रॅम उघडला की त्याची विंडो भलत्याच स्क्रीनवर जाते. टोकन नंबर दाखवायच्या टीव्हीवर रुग्णाची नोंद उघडते. वर्गासमोर गुणांचा तक्ता झळकतो. बिलाचा प्रोग्रॅम चालू असल्याचे खाली टास्कबारवर दिसते, पण विंडो कुठेच सापडत नाही. मग केबल हलवून पाहिली जाते, व्हायरसचा संशय घेतला जातो आणि शेवटी कोणीतरी मशीनला फॉरमॅट मारून देतो. काही दिवस बरे जातात, कारण फॉरमॅटने प्रोग्रॅमच्या जुन्या नोंदी पुसल्या जातात. नंतर पुन्हा तेच. लोकांचा वेळ आणि पैसा यात विनाकारण जातो. या त्रासाची कारणे ठरलेली आहेत आणि उपाय बहुतेक फुकटचे आहेत, ते सर्वांना कळावेत म्हणून हे सविस्तर पत्र.

विंडो कुठे उघडायची, हे विंडोज प्रणाली ठरवते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ते ज्याचा तो प्रोग्रॅम ठरवतो. बंद होताना प्रोग्रॅम आपली शेवटची जागा आणि आकार रजिस्ट्रीत (म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत) किंवा स्वतःच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी तीच जागा मागतो. ज्या प्रोग्रॅमने असे काही लिहिलेले नसते, त्यालाच प्रणाली स्वतःहून जागा देते आणि ती बहुधा ज्या मॉनिटरवरून आपण चिन्हावर क्लिक केले त्याच मॉनिटरवर असते. 'हा प्रोग्रॅम नेहमी दुसऱ्या मॉनिटरवर उघड' असे लिहून ठेवता येईल अशी सेटिंग विंडोजमध्ये मुळातच नाही. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रन' नावाचा रकाना असतो, त्यात अनेक जण ती शोधतात. पण तिथे नॉर्मल, मिनिमाइज्ड आणि मॅक्सिमाइज्ड एवढे तीनच पर्याय आहेत. त्यांचा संबंध विंडोच्या आकाराशी आहे, मॉनिटरशी नाही.

म्हणून पहिला उपाय म्हणजे प्रोग्रॅमला त्याची जागा नीट शिकवणे. विंडो पूर्ण स्क्रीनभर असेल तर आधी लहान करावी. शीर्षकाच्या पट्टीला धरून हव्या त्या मॉनिटरवर ओढावी, तिथे पूर्ण मोठी करावी आणि कोपऱ्यातल्या फुलीने बंद करावी. पुन्हा उघडून खात्री करावी. हे करताना तीन ठिकाणी फसगत होते. प्रोग्रॅम टास्क मॅनेजरमधून मारला किंवा मध्येच वीज गेली, तर जागा लिहायची राहून जाते, कारण बरेच प्रोग्रॅम ती बंद होतानाच लिहितात. एकाच प्रोग्रॅमच्या दोन विंडो उघड्या असतील, तर सहसा शेवटी बंद केलेल्या विंडोची जागा टिकते. म्हणून नको असलेली विंडो आधी बंद करावी आणि हवी तिथे असलेली शेवटी. तिसरी गोष्ट अशी की काही प्रोग्रॅम जागा लक्षातच ठेवत नाहीत. त्यांना कितीही वेळा शिकवले तरी उपयोग होत नाही. त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे, ती पुढे सांगतो.

आता हरवलेल्या विंडोबद्दल. विंडोज सगळ्या मॉनिटरना मिळून एकच मोठा पृष्ठभाग मानते आणि त्यावर मोजमाप करते. मुख्य मॉनिटरचा डावा वरचा कोपरा म्हणजे शून्य, शून्य. मुख्य मॉनिटर १९२० बाय १०८० बिंदूंचा असेल, तर त्याच्या उजवीकडचा मॉनिटर आडव्या मापात १९२० पासून सुरू होतो. डावीकडे ठेवलेला तेवढ्याच मापाचा मॉनिटर उणे १९२० पासून सुरू होऊन शून्याला येऊन मिळतो. डावीकडच्या मॉनिटरवर एखादा प्रोग्रॅम उणे १५०० वर बंद झाला आणि नंतर तो मॉनिटर काढून टाकला, तर प्रोग्रॅम पुढच्या वेळी उणे १५०० हीच जागा मागतो. तिथे आता काचच नाही. व्यवस्थित लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये प्रणाली अशा विंडोला ओढून दिसत्या भागात आणते, कारण त्यासाठीची सोय विंडोजमध्ये आहे. पण हिशेबाची, बिलिंगची, प्रयोगशाळेच्या अहवालांची काही जुनी सॉफ्टवेअर ही सोय न वापरता जुना आकडा तसाच लावतात. अशी विंडो चालू असते, टास्कबारवरच्या चिन्हावर माउस नेला की तिचे छोटे चित्रही दिसते, पण स्क्रीनवर ती नसते.

ती परत आणायला फॉरमॅट लागत नाही, चार कळा लागतात. टास्कबारवरच्या चिन्हावर क्लिक करून विंडो निवडावी. मग विंडोजची कळ आणि शिफ्ट दाबून ठेवून उजवा किंवा डावा बाण दाबावा. विंडो पुढच्या मॉनिटरवर जाते. आता एकच मॉनिटर उरला असेल आणि याने काम झाले नाही, तर ऑल्ट आणि स्पेस दाबावे. न दिसणाऱ्या विंडोचा मेनू उघडतो. त्यात एम दाबावे, म्हणजे 'मूव्ह'. नंतर कोणताही एक बाण एकदाच दाबावा आणि माउस हलवावा. विंडो माउसला चिकटून येते, हव्या जागी क्लिक करून सोडून द्यावी. मेनूतला 'मूव्ह' अंधूक दिसत असेल तर विंडो पूर्ण मोठ्या अवस्थेत आहे. अशा वेळी आधी आर दाबून ती लहान करावी आणि पुन्हा ऑल्ट-स्पेसपासून सुरुवात करावी. बाण दाबायची पायरी गाळू नये. तो दाबल्याशिवाय विंडो माउसच्या ताब्यात येत नाही आणि इथेच बहुतेकांचा प्रयत्न फसतो. विंडो आली की ती फुलीने बंद करून एकदा उघडावी, म्हणजे नवी जागा लिहिली जाते.

विंडो मुळात भलतीकडे जाऊ नये, यासाठी मॉनिटरची मांडणी आधी बरोबर हवी. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले या पानावर क्रमांक लिहिलेले चौकोन दिसतात. 'आयडेंटिफाय' दाबले की प्रत्येक स्क्रीनवर तिचा क्रमांक उमटतो. हे चौकोन माउसने ओढून टेबलावर मॉनिटर जसे आहेत तसे लावावेत आणि 'अप्लाय' करावे. १ क्रमांकाचा मॉनिटर म्हणजे मुख्य मॉनिटर, असे अनेक जण धरून चालतात. तसे काही नाही. क्रमांक प्रणालीने दिलेले असतात. मुख्य कोणता, हे चौकोन निवडून खाली 'मेक धिस माय मेन डिस्प्ले' वर खूण करून ठरवायचे असते.

काउंटरवर सगळ्यात जास्त गफलत याच खुणेत होते. मुख्य मॉनिटर नेहमी काम करणाऱ्याच्या बाजूचाच असला पाहिजे. सूचनांचे चौकोन मुख्य मॉनिटरवर येतात आणि पहिल्यांदाच उघडणारे बरेच प्रोग्रॅमही तिथेच येतात. लोकांकडचा मॉनिटर चुकून मुख्य झाला, तर कोणाच्या तरी मेलचा विषय रांगेतले सगळे वाचतात. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. रुग्णाचे निदान किंवा खातेदाराची शिल्लक समोरच्या रांगेला दिसणे कायदा नसता तरी अयोग्यच होते. ज्या कार्यालयाने दुसरा मॉनिटर लोकांकडे तोंड करून लावला, त्याने ही एक खूण तपासल्याशिवाय काउंटर उघडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याचबरोबर टास्कबारच्या सेटिंगमधली 'शो माय टास्कबार ऑन ऑल डिस्प्लेज' ही खूण काढावी, म्हणजे उघड्या प्रोग्रॅमची पट्टी लोकांना दिसत नाही.

माउस लोकांच्या स्क्रीनवर सरकू नये म्हणून मांडणीतच एक चांगली युक्ती करता येते. लोकांकडच्या मॉनिटरचा चौकोन मुख्य मॉनिटरच्या शेजारी न ठेवता तिरका, खाली उजवीकडे न्यावा, म्हणजे दोन्ही चौकोनांचे फक्त कोपरे एकमेकांना टेकतील. मग माउस त्या एका टोकाच्या बिंदूतूनच पलीकडे जाऊ शकतो. रोजच्या कामात तो चुकून जात नाही आणि ओढलेली विंडोही तिकडे घसरत नाही. मुख्य मॉनिटर १९२० बाय १०८० चा असेल, तर या मांडणीत दुसऱ्याचा डावा वरचा कोपरा १९२०, १०८० वर येतो. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या याच पानावर 'मल्टिपल डिस्प्लेज' खाली 'ईझ कर्सर मूव्हमेंट बिटवीन डिस्प्लेज' ही खूण आहे, ती मात्र काढून टाकावी. ती असली की माउस न जुळणाऱ्या कडांवरूनही पलीकडे उडी मारतो आणि केलेली मांडणी वाया जाते.

वर्गात मात्र हीच खूण उपयोगी पडते. १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपला १९२० बाय १०८० चा प्रोजेक्टर जोडला आणि दोघांच्या वरच्या कडा जुळवल्या, तर प्रोजेक्टरच्या खालच्या ३१२ बिंदूंच्या पट्ट्याला शेजारच नसतो. माउस त्या पट्ट्यात असताना लॅपटॉपकडे न्यायला गेले की कडेला अडतो आणि शिकवणाऱ्याला वाटते संगणक अडकला. खूण चालू ठेवावी किंवा रोज जिथून माउस ये-जा करतो ती कड जुळवावी.

लोकांच्या स्क्रीनवर ब्राउझरमधले एकच पान कायम दाखवायचे असेल, उदाहरणार्थ टोकनचे किंवा दरपत्रकाचे, तर ते दर सकाळी हाताने ओढत बसू नये. क्रोमचा वेगळा शॉर्टकट करावा. त्याच्या प्रॉपर्टीजमधल्या 'टार्गेट' रकान्यात, आहे त्या मजकुराच्या शेवटी एक जागा सोडून, दोन आडव्या रेघा, विंडो-पोझिशन, बरोबरचे चिन्ह आणि पुढे १९२०,१०८० असे लिहावे. शब्द आणि आकडे अर्थातच इंग्रजीत, आणि मध्ये कुठेही जागा न सोडता. त्यापुढे पुन्हा जागा सोडून दोन रेघा आणि किओस्क, म्हणजे पान पट्ट्यांशिवाय पूर्ण स्क्रीनभर उघडेल. एवढे करूनही बहुतेक ठिकाणी हे चालत नाही. कारण असे की क्रोम आधीच उघडा असेल तर नवी विंडो त्या चालू क्रोमकडेच सोपवली जाते आणि आपण लिहिलेली जागा वाचलीच जात नाही. म्हणून तिसरा शब्द हवाच. दोन रेघा, यूजर-डेटा-डिर, बरोबरचे चिन्ह आणि एका वेगळ्या रिकाम्या फोल्डरचा पत्ता. सगळ्यात शेवटी, जागा सोडून, दाखवायच्या पानाचा पत्ता. मग हा क्रोम स्वतंत्र म्हणून चालू होतो आणि सांगितलेल्या जागी जातो. दोन्ही मॉनिटरचे स्केल, म्हणजे अक्षरे आणि चित्रे किती मोठी दिसावीत याचे प्रमाण, १०० टक्के ठेवावे, म्हणजे आकडे सरळ जुळतात.

हा शॉर्टकट संगणकाबरोबर आपोआप सुरू व्हावा म्हणून तो स्टार्टअपच्या फोल्डरमध्ये टाकतात. काही ठिकाणी टीव्ही जागा व्हायला वेळ घेतो. तोवर प्रणालीला एकच मॉनिटर दिसत असतो आणि टोकनचे पान कर्मचाऱ्याच्या स्क्रीनवर येऊन बसते. तिथे स्टार्टअप फोल्डरऐवजी टास्क शेड्युलर, म्हणजे ठरवून दिलेल्या वेळी प्रोग्रॅम चालवणारी विंडोजमधली सोय, वापरावा. ट्रिगर 'ॲट लॉग ऑन' ठेवावा आणि 'डिले टास्क फॉर' मध्ये ३० सेकंद निवडावेत. तेवढ्यानेही भागले नाही तर १ मिनिट.

सकाळी सगळे नीट मांडले होते आणि जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्या विंडो एकाच मॉनिटरवर गोळा झालेल्या दिसल्या, ही दुसरी मोठी तक्रार. इथे दोष प्रोग्रॅमचा नसतो. मॉनिटर जोडलेला आहे की नाही, हे संगणकाला केबलमधल्या एका तारेवरून कळते. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी १९ वी आणि डिस्प्लेपोर्टच्या २० पैकी १८ वी पिन या कामासाठी असते. बरेच डिस्प्लेपोर्टचे मॉनिटर बटणाने बंद केले किंवा गाढ झोपेत गेले की या तारेवरचा इशाराही बंद करतात. संगणकाच्या दृष्टीने मॉनिटर कोणीतरी उपटून नेला. मग तो त्या मॉनिटरवरच्या विंडो उरलेल्या मॉनिटरवर आणून ठेवतो. मॉनिटर जागा झाला की आधी त्या परत जात नसत. विंडोज ११ मध्ये यासाठी 'मल्टिपल डिस्प्लेज' खाली 'रिमेंबर विंडो लोकेशन्स बेस्ड ऑन मॉनिटर कनेक्शन' ही सोय आली. ती चालू ठेवावी. तिच्याच जवळची 'मिनिमाइझ विंडोज व्हेन अ मॉनिटर इज डिस्कनेक्टेड' हीसुद्धा चालू ठेवावी. मॉनिटर गेला की त्याच्यावरच्या विंडो दुसरीकडे न झळकता खाली मिटून राहतात, म्हणून काउंटरवर ती फार मोलाची आहे.

त्याआधी मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत पाहावे. गाढ झोपेची किंवा आपोआप इनपुट शोधण्याची सेटिंग तिथे असेल तर बंद करावी. नावे कंपनीगणिक वेगळी असतात, त्यामुळे मेनू शांतपणे चाळावा लागतो. जिथे वीज वरचेवर जाते तिथे आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. यूपीएसवर संगणक आणि एकच मॉनिटर असतो आणि दुसरा मॉनिटर भिंतीवरच्या साध्या प्लगवर. वीज गेली की दुसरा मॉनिटर विझतो आणि त्याच्यावरच्या विंडो पहिल्यावर येतात. साधा २२ इंची एलईडी मॉनिटर साधारण २० ते ३० वॅट घेतो. तेवढा भार यूपीएसला जड नाही, दोन्ही मॉनिटर त्यावरच घ्यावेत.

दोन मॉनिटर एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलचे असतील तर केबलवर आणि मागच्या पोर्टवर चिकटपट्टीने अ आणि ब लिहून ठेवावे. प्रत्येक मॉनिटर आपली ओळख सांगणारी १२८ बाइटची छोटी नोंद संगणकाला देतो. त्यात कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक असतो. काही मॉनिटरमध्ये अनुक्रमांकाची जागा कोरी किंवा सारखीच असते. मग संगणक त्यांना पोर्टवरूनच ओळखतो. झाडलोट करताना केबल काढून उलट लावल्या गेल्या की लोकांकडची स्क्रीन आणि कर्मचाऱ्याची स्क्रीन यांची अदलाबदल होते, मुख्य मॉनिटरसकट. स्वस्त स्प्लिटर आणि व्हीजीएचे कन्व्हर्टर ही ओळख कधी कधी पुढे पोचवतच नाहीत. तसे असेल तर कन्व्हर्टर बदलावा, कारण प्रणालीने काहीही लक्षात ठेवायचे तर तिला मॉनिटर ओळखता आला पाहिजे.

शाळांमध्ये सर्वांत जास्त वेळ पॉवरपॉइंटमध्ये जातो. शिकवणाऱ्याच्या टिपा भिंतीवर आणि स्लाइड लॅपटॉपवर, असा उलटा प्रकार झाला की तास थांबतो. आधी विंडोजची कळ आणि पी दाबून 'एक्स्टेंड' निवडलेले आहे ना, ते पाहावे. 'ड्युप्लिकेट' असेल तर दोन्हीकडे एकच चित्र असते आणि वेगळ्या टिपांचा प्रश्नच येत नाही. मग 'स्लाइड शो' टॅबमध्ये 'मॉनिटर' या यादीत 'ऑटोमॅटिक' च्या जागी प्रोजेक्टर निवडावा आणि 'यूज प्रेझेंटर व्ह्यू' वर खूण करावी. कार्यक्रम सुरू झाल्यावर उलटे दिसले तर थांबून बाहेर पडायची गरज नाही. वरच्या 'डिस्प्ले सेटिंग्ज' मध्ये 'स्वॅप प्रेझेंटर व्ह्यू अँड स्लाइड शो' दाबले की जागा बदलतात. प्रोजेक्टर जोडण्यापूर्वी ऑल्ट आणि एफ-५ दाबले तर एकाच स्क्रीनवर प्रेझेंटर व्ह्यू उघडतो आणि घरी सराव करता येतो. लिब्रेऑफिस वापरणाऱ्या शाळांना हाच पर्याय 'स्लाइड शो सेटिंग्ज' मध्ये 'प्रेझेंटेशन डिस्प्ले' या नावाने मिळेल. व्हिडिओसाठी व्हीएलसी वापरत असाल, तर त्याच्या सगळ्या सेटिंग उघडल्यावर क्यूटी इंटरफेसच्या पानावर पूर्ण स्क्रीन कोणत्या मॉनिटरवर जावी, ते ठरवता येते.

आता जागा लक्षात न ठेवणाऱ्या प्रोग्रॅमची सोय. मायक्रोसॉफ्टचेच पॉवरटॉइज नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यातला फॅन्सीझोन्स हा भाग प्रत्येक मॉनिटरचे आपण आखू तसे कप्पे करतो. विंडोज, शिफ्ट आणि टॅबच्या वरची कळ दाबली की आखणीचे पान उघडते. नंतर शिफ्ट धरून विंडो ओढली की कप्पे दिसतात आणि विंडो त्यात बसते. सेटिंगमध्ये 'मूव्ह न्यूली क्रिएटेड विंडोज टू देअर लास्ट नोन झोन' वर खूण केली, की त्या प्रोग्रॅमची नवी विंडो मागच्या कप्प्यात जाऊन बसते. प्रोग्रॅम विसरला तरी फॅन्सीझोन्स विसरत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये याच संचात वर्कस्पेसेस हा भाग आला. पाच-सहा प्रोग्रॅम हवे तसे मांडून एकदा टिपून ठेवले, की एका शॉर्टकटवर ते सगळे आपापल्या मॉनिटरवर उघडतात. रोज सकाळी तीच मांडणी लागणाऱ्या काउंटरसाठी आणि पानमांडणी करणाऱ्यांसाठी हे फार सोयीचे आहे.

पॉवरटॉइज 'चालत नाही' असे वाटण्याचे एक कारण वारंवार आढळते. 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' ने चालणाऱ्या प्रोग्रॅमची विंडो साध्या अधिकारांवर चालणारा पॉवरटॉइज हलवू शकत नाही, सुरक्षेसाठी प्रणालीच ते अडवते. हिशेबाची काही सॉफ्टवेअर कारण नसताना ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून लावलेली असतात. ती तशी लागतात का, हे आधी विक्रेत्याला विचारावे. लागतच असतील तर पॉवरटॉइजही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावा.

दोन मॉनिटरचे स्केल वेगळे असेल, म्हणजे लॅपटॉप १५० टक्क्यांवर आणि बाहेरचा मॉनिटर १०० वर, तर जुन्या प्रोग्रॅमची विंडो ओढताना एकदम फुगते किंवा अक्षरे पुसट दिसतात. शक्य असेल तर दोन्हींचे स्केल सारखे ठेवावे आणि बदलल्यावर एकदा साइन आउट करावे.

ॲपलच्या मॅकवर हे काम सोपे आहे. डॉकमधल्या चिन्हावर उजवी क्लिक करून 'ऑप्शन्स' मध्ये 'असाइन टू' खाली मॉनिटर निवडता येतो. मात्र 'डिस्प्लेज हॅव सेपरेट स्पेसेस' ही २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून आलेली सेटिंग चालू हवी. ती बदलली तर लॉग आउट करावे लागते.

लिनक्स वापरणाऱ्यांनी केडीई डेस्कटॉप घ्यावा, असे आम्ही सुचवू. शीर्षकाच्या पट्टीवरच्या मेनूतून विंडोचे खास नियम उघडतात. त्यात 'स्क्रीन' हा गुण जोडून 'फोर्स' केले की प्रोग्रॅम दुसरीकडे उघडतच नाही. विंडोजमध्ये नसलेली सेटिंग ती हीच. उबंटू या लिनक्सच्याच एका प्रकाराने २०२१ च्या एप्रिलमधल्या २१.०४ या आवृत्तीपासून स्क्रीनवर विंडो दाखवण्याची वेलँड ही पद्धत बहुतेक संगणकांवर आपोआप लागू केली. वेलँडमध्ये प्रोग्रॅमला स्वतःची जागा मागताच येत नाही, म्हणून विंडो हलवणारी डब्ल्यूएमसीटीआरएलसारखी जुनी साधने तिथे निष्प्रभ ठरतात. त्यांच्यावर काम अवलंबून असेल तर २४.०४ मध्ये लॉगिनच्या पानावरच्या दातेरी चाकातून 'उबंटू ऑन एक्सऑर्ग', म्हणजे वेलँडच्या आधीची पद्धत, निवडावे.

संगणक बसवून देणाऱ्यांना आणि ते घेणाऱ्या संस्थांना एक विनंती. मशीन चालू झाले, छपाई निघाली की काम संपले असे धरू नये. मुख्य मॉनिटर कोणता, दुसरा मॉनिटर कोणत्या बाजूला मांडला आहे, त्याचे माप काय, कोणती केबल कोणत्या पोर्टला, लोकांच्या स्क्रीनवरचा शॉर्टकट कोणत्या फोल्डरमध्ये आहे, एवढे एका कागदावर मराठीत लिहून कीबोर्डजवळ चिकटवावे. त्याखाली ठळक अक्षरांत हरवलेली विंडो परत आणायच्या कळा लिहाव्यात: विंडोज-शिफ्ट-बाण, नाहीतर ऑल्ट-स्पेस, एम, बाण, माउस. आणि बिल देण्यापूर्वी संस्थेने एकदा दुसऱ्या मॉनिटरची केबल काढून पुन्हा लावायला सांगावी आणि विंडो आपापल्या जागी परत येतात का, ते समोर उभे राहून पाहावे.

आपले,
संगणक जोडणी आणि देखभालीचे काम करणारे काही तंत्रज्ञ, सांगली